मुरमाड, खडकाळ जागेत पिवळी कोरांटी कशी लावायची (पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी)

प्लॉट घेतला, तारेचं कंपाउंड झालं, हौसेने पहिली कुदळ मारली की दोन-चार इंचांवर मुरूम लागतो आणि त्याच्या खाली ठण्ण. सासवड, जेजुरी, फलटण, दहिवडी, तिकडे नगर, सोलापूर, बीड, जिथे जिथे पर्जन्यछायेचा पट्टा आहे तिथे निम्म्या लोकांची हीच कथा. मग कोणीतरी सल्ला देतं की चार ट्रॉल्या काळी माती टाका, वर लॉन अंथरा, कडेने गुलाब लावा, आणि आपण ते ऐकतो, आणि मार्च उजाडला की टँकरवाल्याचा नंबर पाठ होतो.

माझं सरळ म्हणणं आहे की माती बदलायच्या फंदात पडूच नका, त्या जमिनीवर आधीपासून राहत आलेलं झाड आणा. अशी झाडं बरीच आहेत पण सुरुवात करायची तर पिवळी कोरांटी. हीच काटेकोरांटी, हीच वज्रदंती, जे नाव दंतमंजनांच्या जाहिरातींमुळे आपल्या सगळ्यांच्या कानावर आहे. शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस, कुळ अडुळशाचं, म्हणजे अबोली आणि कारवी हिचे नातेवाईक. कमरेएवढं, फार तर छातीएवढं झुडूप, पावसाळा सरता सरता फुलायला लागतं ते थंडीभर फुलत राहतं. पिवळी-केशरी झाक असलेली फुलं, वास जवळपास नाही, पण रंग असा की लांबून दिसतो. देवाला वाहतात, वेणीत माळतात. आपल्याकडे बांधावर, माळावर, पडक्या गढीच्या भिंतीशी ही आपोआप उगवलेली दिसते आणि तिला तिथे कोणी पाणी घालत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे सगळं ह्याच एका गोष्टीवर चालणार आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण खूप जण कासचे फोटो बघून विचारतात. कास पठारावरची फुलं, तेरडा, सोनकी वगैरे, खडकावरच येतात हे खरं, पण तो जांभा खडक आहे आणि तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चार महिने धुकं आणि ओल. आपल्याकडे पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही मध्येच तीन आठवडे गायब. दोन्ही जागा खडकाळ असल्या तरी सारख्या नाहीत. कासची फुलं जेजुरीच्या माळावर मागू नका.

काय काय लागेल

- पहार (ही सगळ्यात महत्त्वाची, कुदळीने मुरमात फक्त हात दुखतात)
- टिकाव किंवा कुदळ, फावडं, दोन घमेली
- चामड्याचे जाड हातमोजे, कापडी नको, काटे आरपार जातात
- छाटणीची कात्री
- फाटे (म्हणजे कापून लावायचे फांदीचे तुकडे) लावणार असाल तर काळ्या पॉलिथिनच्या पिशव्या (दुधाच्या पिशव्या धुऊन खाली भोकं पाडली तरी चालतं) आणि जाडसर वाळू
- थोडं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, अगदी थोडं
- मलमलचं किंवा जुन्या मच्छरदाणीचं कापड आणि दोरा, बी धरायला
- झारी, आणि बाटल्या नाहीतर जुनं मडकं

कागदपत्रं काही लागत नाहीत. फक्त जागा सोसायटीच्या कॉमन हद्दीत असेल तर कमिटीकडून आधी लेखी होकार घ्या, कारण झाड काटेरी आहे आणि एका पोराला काटा लागला की तुमची सगळी बाग मिटिंगच्या अजेंड्यावर येते.

1. आधी झाड नीट ओळखा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. नर्सरीत "कोरांटी द्या" म्हटलं की बऱ्याचदा जांभळ्या, गुलाबी नाहीतर पांढऱ्या फुलांची बिनकाट्याची कोरांटी हातात देतात. ती बार्लेरिया क्रिस्टाटा, छान आहे, तीही आपल्याकडचीच, पण तिला थोडी सावली आणि थोडं जास्त पाणी मिळालं तर ती खुश असते. आपल्याला हवी ती पिवळी, काटेवाली. काही ठिकाणी तर पिवळ्या फुलाचं कुठलंतरी बाहेरचं झुडूप कोरांटी म्हणून खपवतात, आणि फूल नसताना आपल्याला कळत नाही.

फूल नसताना ओळखायची खूण म्हणजे पानाच्या बेचक्यात बघा, तिथे दोन ते चार बारीक, सरळ, टोकदार काटे एका जागेतून फुटलेले असतात. पान समोरासमोर, लांबट, आणि पानाच्या टोकालासुद्धा बारीक काटा. खोड गोलसर, फिकट. पावसाळी डबक्याच्या कडेला अशीच काटेरी एक वनस्पती असते, कोळशिंदा किंवा तालीमखाना, तिची फुलं जांभळट असतात आणि तिला पाय पाण्यात लागतात, ती घेऊ नका.

आणि माळावरून, डोंगरावरून झुडूप उपटून आणू नका. एकतर राखीव जंगलातून काहीही उचलायला 1927 च्या भारतीय वन कायद्याने मनाई आहे, आणि दुसरं म्हणजे जुनं झुडूप उपटलं की त्याचं खाली गेलेलं मूळ तुटतं आणि ते नव्या जागी सहसा जगत नाही. म्हणजे तिकडचं गेलं आणि इकडेही आलं नाही. गावात कोणाच्या बांधावर असेल तर विचारून बी घ्या, फाटे घ्या, लोक आनंदाने देतात, उलट विचारतात की ह्या काट्यांचं तुम्हाला काय कौतुक.

2. जागा आणि खडक तपासून घ्या

ऊन पाहिजे. दिवसाचे सहा तास तरी. सावलीत ही मरत नाही पण फांद्या लांबत जातात आणि फुलं चार. विदर्भात, नागपूर-चंद्रपूरकडे, दुपारी दोननंतर भिंतीची सावली पडेल अशी जागा मिळाली तर पहिल्या वर्षापुरतं बरं, बाकी ठिकाणी उघड्यावर लावा.

आता खडक. आपल्या दख्खनच्या पठारावर खाली काळा पाषाण आणि वर तोच झिजून झालेला मुरूम. मुरूम चांगला, अगदी मनापासून सांगतो, मुरूम चांगला. त्यात पाणी थांबत नाही, हवा राहते, आणि कोरांटीचं मूळ त्यातून वाट काढत जातं. अडचण येते ती मुरमाखाली सपाट, सलग खडक असला की. वरून पाणी झिरपतं आणि खडकावर साचतं, म्हणजे तुमचा खड्डा प्रत्यक्षात दगडी टाकं असतो. जुलैमध्ये पंधरा दिवस झडीचा पाऊस लागला की मुळं कुजतात आणि लोक म्हणतात कोरांटी आमच्याकडे दुष्काळात टिकली नाही. ती दुष्काळाने गेलेली नसते.

तपासायचं कसं ते सोपं आहे. जिथे लावायचं तिथे फूटभर खोल खड्डा पहारीने घ्या. काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या. जिरलं की परत भरा आणि घड्याळ बघा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन-चार तासांत गेलं तर जागा उत्तम. संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळी तसंच उभं असेल तर ती जागा सोडा.

जागा सोडता येत नसेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, पहारीने आजूबाजूला ठोकत जा. आवाज बदलतो. सलग खडकावर ठण्ण वाजतं, भेग असेल तिथे आवाज बसका येतो आणि पहार थोडी आत शिरते. त्या भेगेवर रोप लावा, वर माती वीतभरच असली तरी चालेल, मूळ भेगेतून खाली जाईल. गढीच्या भिंतीत कोरांटी उगवते ती अशीच. दुसरा मार्ग, खाली खोदायचंच नाही, वर चढवायचं. प्लॉटमधलेच दगड गोल रचा, फूट-दीड फूट उंच, आत मुरूम भरा आणि त्यावर लावा. हे दिसायलाही छान दिसतं आणि दगड कुठे टाकायचे हा प्रश्नही सुटतो. नव्या घराच्या बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचे गोळे, मार्बलची भुकटी त्यात भरू नका मात्र, ते वेगळं काढा.

3. बी की फाटा?

दोन्हींनी येते. बियांचं रोप हळू वाढतं पण त्याचं मूळ सरळ खाली जातं, त्यामुळे पुढे पाणी कमी लागतं. फाट्याचं रोप लवकर फुलतं, त्याच वर्षी दोन-चार फुलं देऊन टाकतं, पण मुळं सुरुवातीला वरवर पसरतात. अगदी कोरड्या, पाण्याची सोयच नसलेल्या जागेसाठी बी, आणि घराजवळ जिथे झारी घेऊन जाता येतं तिथे फाटा, असं मी करतो. कुंपणाची रांग करायची असेल तर सगळं एकाच पद्धतीने लावा नाहीतर रांग वरखाली दिसते.

4. बी धरायचं आणि पेरायचं

कोरांटीचं बी बाजारात सहसा मिळत नाही, धरावंच लागतं, आणि इथे थोडी गंमत आहे. फळ म्हणजे पुढे चोच असलेली छोटी बोंडी, साधारण दीड-दोन सेंटिमीटर, आत फक्त दोन चपट्या बिया. बोंडी वाळली की फट्कन फुटते आणि बिया लांब उडतात. त्यामुळे उद्या तोडू म्हणून गेलात तर उद्या तिथे नुसती रिकामी दोन टरफलं उघडी दिसतात. बोंड्या हिरव्याच्या तपकिरी व्हायला लागल्या, म्हणजे साधारण जानेवारीनंतर, की अख्ख्या तुऱ्याला मलमलची सैल पिशवी घालून खाली दोऱ्याने बांधून टाका. पंधरा दिवसांनी पिशवी सोडली की बिया आत. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमट होऊन बुरशी येते.

बिया सावलीत वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवा, वर महिना लिहा. फ्रीजची वगैरे काही गरज नाही, जूनपर्यंतच ठेवायच्या आहेत.

पेरताना एक सवय मोडायची आहे. आपण कुठलंही बी रात्रभर भिजत घालतो. हे घालू नका. ह्या बियांवर रेशमासारखी लव असते, पाणी लागलं की ती लव उभी राहते आणि बुळबुळीत होते, सब्जासारखी. माळावर ह्याचा उपयोग असा की पहिल्या पावसात बी जिथे पडलं तिथे मातीला चिकटून बसतं, वाहून जात नाही. वाटीत भिजवलं तर सगळ्या बिया एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि सोडवताना कोंब मोडतात. कोरडंच बी पेरा, आडवं ठेवा, वर अर्धा सेंटिमीटर बारीक माती, बस.

कधी? मृगाचा किंवा आर्द्राचा एखादा चांगला पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजली की. वळवाच्या एका सरीवर भुलू नका, बी उगवतं आणि मग पंधरा दिवस ऊन पडलं की करपतं. थेट जागेवर टाकत असाल तर एका ठिकाणी तीन-चार बिया टाका, पुढे जोमदार एक ठेवा. पिशवीत करायची असतील तर मेच्या शेवटी पेरा, म्हणजे जुलैमध्ये रोप लावायला तयार. आठवडा-दोन आठवड्यांत उगवण दिसते.

5. फाटे लावायचे असतील तर

जुलै-ऑगस्ट उत्तम, हवेत ओल असते. गेल्या वर्षीची, अर्धवट जून झालेली फांदी घ्या, एकदम कोवळी हिरवी कुजते आणि एकदम जुनी लाकडासारखी फुटत नाही. वीतभरापेक्षा थोडी कमी, तीन-चार पेरांची. खालचा काप पेराच्या अगदी खाली, तिरका. खालच्या दोन पेरांची पानं काढा, काटेही तिथले कात्रीने उडवा म्हणजे खोवताना त्रास होत नाही. वरची पानं मोठी असतील तर अर्धी कापा.

अर्धी वाळू अर्धा बारीक मुरूम असं मिश्रण पिशवीत भरून दोन पेरं आत जातील असा फाटा खोचा, बाजूने दाबा, सावलीत ठेवा. मुळं फुटायची पावडर मिळते, लावली तर बरं, नाही लावली तरी बहुतेक येतात. एक महिनाभर हलवून बघू नका, मुळं आली का म्हणून रोज उपसून बघणारे लोक मला माहीत आहेत आणि त्यांचे फाटे कधीच जगत नाहीत. खालच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं की समजा झालं. मग आठ-दहा दिवस हळूहळू उन्हात सरकवा, सावलीतून एकदम माळावर नेलं तर पानं भाजतात.

6. खड्डा आणि लागवड

खड्डा फूट बाय फूट, खोलीही फूटभर, बास. दोन फुटांचा खड्डा घेऊन त्यात काळी माती आणि शेणखत ठासून भरायचं, ही चूक सगळे करतात आणि चांगल्या मनाने करतात. होतं काय, मुरमात मध्येच मऊ मातीची एक कुंडी तयार होते, पावसात तीच पाणी धरून बसते, आणि मुळं बाहेरच्या कडक मुरमात जायचं नावच घेत नाहीत, आतल्या आत गोल फिरतात. पहिल्या वर्षी झाड एकदम हिरवंगार दिसतं, शेजारी कौतुक करतात, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात काळी माती तडकली की मुळं उघडी पडून सगळं वाळतं.

म्हणून खड्ड्यातून जे निघालं तेच परत भरायचं. त्यात फार तर पाव भाग कुजलेलं खत मिसळा. मोठे दगड बाजूला काढा, ते पुढे लागणार आहेत. रोप पिशवीत जितकं आत होतं तितकंच आत ठेवा, खोडाला माती चढवू नका. भरलेला मुरूम पायाने दाबा, पोकळी राहिली तर मुळं तिथे वाळतात.

जमीन उताराची असेल तर रोपाच्या खालच्या अंगाला त्या बाजूला काढलेल्या दगडांचा अर्धचंद्र करा, वरून वाहत येणारं पाणी तिथे क्षणभर अडतं आणि जिरतं, जास्त झालं तर बाजूने निघून जातं. सपाट जमिनीवर मात्र खोलगट आळं करू नका, उलट रोप थोडं उंचवट्यावर ठेवा. बाकीचे लहान दगड रोपाभोवती पसरून टाका. दगडांचं आच्छादन पालापाचोळ्यापेक्षा इथे चांगलं चालतं, खाली ओल टिकते, वाळवी लागत नाही, वाऱ्याने उडत नाही आणि फुकट आहे.

दोन रोपांमध्ये अंतर, सुटी झुडपं हवी असतील तर मीटरभर, दाट कुंपण हवं असेल तर दीड फूट. पायवाटेपासून, नळापासून, पोरं खेळतात त्या जागेपासून मीटरभर तरी लांब. हे आत्ता बारकं रोप बघून अति वाटेल पण दोन वर्षांनी चड्डी घातलेल्या पोटऱ्यांना कळेल.

शेळ्या फिरत असतील तर पहिल्या वर्षी बाभळीच्या दोन फांद्या आडव्या टाकून ठेवा. जून झाल्यावर काटे स्वतःचं बघतात, कोवळी पालवी मात्र खातात.

7. पाणी

लावल्या दिवशी भरपूर. मग पाऊस चालू आहे तोवर काही नाही. पावसात मोठी उघडीप पडली आणि पानं सकाळीसुद्धा मलूल दिसली तरच द्या. दुपारी मलूल दिसणं काही खरं नसतं, दुपारी आपणही मलूल दिसतो.

पहिल्या वर्षी ऑक्टोबरपासून आठ-दहा दिवसांतून एकदा, पण रोपामागे चार-पाच लिटर, सावकाश, खोल जाईल असं. रोज तांब्याभर दिलेलं पाणी सगळ्यात वाईट. वरचे दोन इंच भिजतात, मुळं वरच राहतात आणि तुम्ही एका लग्नाला गावी गेलात की रोप गेलं. रोपाजवळ बारीक भोक पाडलेली बाटली उलटी खोचा किंवा छोटं मडकं पुरून ठेवा, आठवड्यातून एकदा भरलं की काम झालं. ठिबक असेल तर उत्तम पण ते रोज पाच मिनिटं लावू नका, आठवड्यातून एकदा लांबवर चालवा.

दुसऱ्या वर्षी थंडीत पंधरा-वीस दिवसांनी एकदा. तिसऱ्या वर्षापासून विसरून जा. खरंच. फुलं जास्त हवीत म्हणून थंडीत एखाद-दोनदा दिलंत तर हरकत नाही.

खताचं एका ओळीत: जूनमध्ये मूठभर कंपोस्ट, युरिया अजिबात नाही, युरियाने पानं वाढतात आणि फुलं रुसतात.

8. पहिला उन्हाळा: उपटू नका

हा भाग वेगळा लिहितोय कारण सगळ्यात जास्त कोरांट्या इथे मरतात, म्हणजे मारल्या जातात. मार्चनंतर झाड पानं गाळायला लागतं. एप्रिल-मेमध्ये नुसत्या काड्या आणि काटे उरतात, आणि अगदी शंभर टक्के मेल्यासारखं दिसतं. पाण्याविना तग धरायची तिची ही पद्धतच आहे, पान नाही तर पाणी उडून जायलाही काही नाही. पण घरातले कोणीतरी साफसफाईच्या भरात ते उपटून टाकतं, किंवा आपण घाबरून रोज पाणी ओतायला लागतो आणि तापलेल्या मुरमात ओली झालेली मुळं कुजवतो.

नखाने खोडाची साल बुडाजवळ किंचित खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक खोल पाणी, संध्याकाळी उशिरा, ते चालू ठेवा आणि बाकी हात लावू नका. वरून तपकिरी असेल तर अजून खाली बघा, बऱ्याचदा वरचा अर्धा भाग वाळतो आणि पहिल्या पावसानंतर जमिनीलगत नवे धुमारे येतात. जूनच्या अखेरीपर्यंत काहीच फुटलं नाही तरच मेलं म्हणा. कामाला बाई-माणूस येत असेल तर रोपाशेजारी एक रंगवलेला दगड ठेवून सांगून ठेवा की ह्याला हात लावायचा नाही.

9. छाटणी

फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणी पावसाच्या आधी, मेच्या शेवटी. बी हवं असेल तर ते तोवर धरून झालेलं असतं. दोन वर्षांपुढच्या झुडपाचा वरचा तिसरा भाग काढा, वाळकं सगळं काढा, आतली गर्दी थोडी मोकळी करा. ऑगस्टनंतर कात्री लावू नका, थंडीची फुलं जातील. न छाटता सोडली तर झुडूप खालून नागडं आणि वरून पसरट होतं, मरत वगैरे नाही.

छाटलेल्या फांद्या अंगणात पडू देऊ नका, वाळलेला काटा स्लीपरच्या तळातून वर येतो. कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला ढीग करा, शेळ्या अडवायला कामी येतो.

10. कीड-रोग

फार काही नाही. दाट, वारा न लागणाऱ्या जागी पिठ्या ढेकूण येतो, पांढरा कापसासारखा, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडवा, परत आला तर निंबोळी तेल. थंडीत कधीकधी भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड टाकल्यासारखी बुरशी दिसते, ती पानं काढून टाका.

पानं खाणाऱ्या काळपट, अंगभर काटे असलेल्या अळ्या दिसल्या तर थांबा. पॅन्सी फुलपाखरांच्या, विशेषतः लेमन पॅन्सीच्या अळ्या अडुळशाच्या कुळातली पानं खातात, त्यात कोरांटीही येते. चार पानं जातात, झाडाला काही फरक पडत नाही, आणि नंतर फुलपाखरं तुमच्याच बागेत. फुलं आली की शिंजीर, म्हणजे मध पिणारे छोटे पक्षी, तेही येतात, सकाळी सकाळी.

दात दुखतो म्हणून पानं चावणारे, मुळीचा काढा करणारे लोक भेटतील. आयुर्वेदात ही सहचर म्हणून आहे हे खरं, पण कोणत्या दुखण्याला किती आणि कसं ते वैद्यांना विचारा, बागेच्या लेखावरून औषध करू नका.

11. दुसऱ्या वर्षापासून रोपं आवरा

बोंड्या उडतात हे वर आलंच. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात झुडपाच्या आसपास बरीच पिल्लं उगवतील, पायवाटेच्या फटीतसुद्धा. जुलैमध्ये जमीन ओली असताना ती बोटांनी अलगद येतात, सप्टेंबरपर्यंत थांबलात तर पहार लागते. चार पानांवर आलेली रोपं मुरमासकट उचलून पिशवीत लावा, आठवडाभर सावलीत ठेवा, कोणाला द्यायची तर द्या, देताना काटेरी आहे हे मात्र सांगून द्या. पसारा नकोच असेल तर बोंड्या तपकिरी व्हायच्या आधी तुरे छाटून टाका.

ह्याच गुणामुळे, परदेशात राहणारे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: उत्तर ऑस्ट्रेलियात आणि हवाईमध्ये ही कोरांटी बाहेरून येऊन माजलेलं तण आहे, तिकडच्या मूळ झाडांना ती जागा ठेवत नाही. आईने प्रेमाने पुडीत बांधून दिल्या तरी बिया तिकडे नेऊ नका, विमानतळावर पकडतात ते वेगळंच. तिथल्या खडकाळ जागेसाठी तिथल्याच रानातलं काहीतरी शोधा, स्थानिक नर्सरीत विचारलं की सांगतात.

आणि इकडे पुढच्या जूनसाठी बी हवं असेल तर मलमलचं कापड डिसेंबरमध्येच कापून ठेवा, जानेवारीत बोंड्या वाट बघत नाहीत.